पितळेचा डबा

भंडाऱ्याच्या आमच्या घरीं देवघराशेजारीं पितळेचा एक डबा आहे. एके काळीं त्यांत सुपारी असे; हल्लीं वडिलांच्या गोळ्या असतात. दोन वर्षांपूर्वीं त्यांचें हृदय अशक्त झालें, पायांवर सूज आली, रात्रीं आडवें होतांच दम लागूं लागला. औषधांनीं आठवड्यांत सूज ओसरली. लगेच वडिलांनीं निकाल दिला, "पाणी गेलें, आतां पांच पांच गोळ्या कशाला?" लघवीची तेवढी ठेवून बाकीच्या चार त्यांनीं गुपचूप बंद केल्या. महिन्याभरांत आम्ही मध्यरात्रीं पुन्हां नागपूरच्या वाटेला लागलों.

त्यांच्यावर रागवावें, तर त्या चार गोळ्या कशासाठीं हें मला तरी कोठें ठाऊक होतें! मागाहून वाचलें तेव्हां उमगलें. हृदय दुबळें झालें कीं शरीर घाबरतें: नाडीचा वेग वाढवितें, रक्तवाहिन्या आवळतें, मूत्रपिंडांना मीठ नि पाणी राखून ठेवावयास लावतें. जखमेंतून रक्त वाहत असतां हीच धांदल प्राण वांचविते. थकल्या हृदयाला मात्र ती दमलेल्या बैलाला टोचलेल्या पराणीसारखी होते. धांदलीच्या वाटा अनेक, म्हणून त्या रोखणारीं औषधेंहि अनेक. एनालाप्रिलनें आयुष्य वाढतें हें १९८७ सालीं उत्तर युरोपांतील रोग्यांत दिसलें. नाडी मंदावणारीं बीटा-ब्लॉकर औषधें तर अशा रोग्याला विषवत् समजलीं जात. १९७५ सालीं स्वीडनमधील गोटेनबर्गच्या डॉक्टरांनीं तीं मोजक्या रोग्यांना देण्याचें धाडस केलें, आणि १९९९ पर्यंत तीं आवश्यक ठरलीं. त्याच वर्षीं स्पायरोनोलॅक्टोन आलें, २०१९ मध्यें मधुमेहावरचें डापाग्लिफ्लोझिन. प्रत्येक नवें औषध आधींचीं चालू ठेवूनच दिलें होतें, तरीहि मृत्यु आणखी घटले. एकानें दुसऱ्याची जागा घेतली नाहीं. अर्थात् मिश्रण जपूनच करावें लागतें. रक्तदाब फार उतरतो, रक्तांतील पोटॅशियम वाढतें. म्हणून मात्रा हळूहळू चढवावयाची नि मधूनमधून रक्त तपासावयाचें.

हें सारें मीं वडिलांना माझ्या परीनें सांगितलें. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुडुम उघडून तलाव उतरविला, पण पाळ खचलेलीच राहिली म्हणतोस!" तुडुम म्हणजे तलावाचें पाणी सोडण्याचें दार. मालगुजारी तलावावर धान पिकविणाऱ्या घरांतले ते. याहून नेमकें मला सांगतां आलें नसतें.

आतां ते रोज सकाळीं वजन करून वहींत मांडतात. परवां गुडघे दुखतात म्हणून शेजाऱ्यांनीं वेदनाशामक गोळी देऊं केली. वडिलांनीं ती चष्म्यांतून निरखली, परत केली, आणि म्हणाले, "ही पाणी अडविते. माझ्या डब्यांत हिला जागा नाहीं."