पहाटेची धाव

इच्छापोरच्या हजीरा रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ वाढण्यापूर्वीच आमची नात धावून परतते. बारावीचे वर्ष; आम्ही पुस्तकांचा आग्रह धरावा, तर ही वहीत चारशे मीटरचे सेकंद मांडते. खेळाडू म्हणून चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, ही तिची आशा. परवा आम्ही रागावलो, तेव्हा तिने डांगच्या सरिता गायकवाडचे नाव घेतले. खो-खोतून धावपट्टीवर आलेली ही आदिवासी मुलगी २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेच्या सुवर्णविजेत्या चमूत होती.

"आजोबा, डांगातही पहाटे अंधारच असतो ना?"

गुणांचे केवळ निमित्त होते. आमची भीती अंधाऱ्या रस्त्याची, हे तिने ओळखले होते. हल्ली आम्ही सायकल घेऊन तिच्यासोबत निघतो, आणि मागे पडतो.