विकतचा प्रोसेसर, स्वतःचे यंत्र

एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे छत्तीसगडमधील पहिल्या सेमीकंडक्टर प्रकल्पाची पायाभरणी झाली. तेथे गॅलियम नायट्राइडवर आधारित चिप तयार व्हायच्या आहेत. संगणकाचे प्रोसेसर त्यात येत नाहीत. म्हणून रायपूरच्या एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला कॅमेऱ्याच्या साहाय्याने धानाची प्रतवारी करणारे यंत्र घडवायचे असेल, तर प्रोसेसर, मेमरी आणि वीजनियंत्रण एकत्र बसवलेले तयार मॉड्यूल विकत घेऊन आपल्या सर्किट बोर्डवर जोडणे हाच त्याच्यापुढील व्यवहार्य मार्ग असतो. मग प्रश्न येतो : मेंदूच विकतचा असेल, तर यंत्र त्याचे कसे?

उत्तराचा एक भाग भौतिकशास्त्रात आहे. रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल ४ मध्ये मेमरीच्या प्रत्येक डेटा-वाहिनीवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जाऊ शकतात. एका बिटाच्या वाट्याला जेमतेम ०.३ नॅनोसेकंद येतो आणि तेवढ्या वेळात बोर्डवरील संकेत ५ सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. एकत्र निघालेले संकेत एकत्र पोहोचावेत यासाठी वाहिन्यांच्या लांबीतील अगदी लहान फरकही सांभाळावे लागतात. त्याकरिता अनेक थरांचा बोर्ड आणि महागडी चाचणी-उपकरणे लागतात. मॉड्यूलमध्ये हे काम आधीच झालेले असते. विद्यार्थ्याचे काम साध्या बोर्डवर भागते.

उत्तराचा दुसरा भाग पुण्याच्या इतिहासात आहे. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. त्यातील प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर होते. ते एकमेकांना जोडून एकाच गणिताला जुंपणारी रचना आणि सॉफ्टवेअर मात्र सी-डॅकचे होते. पुढे इनमॉसचा टी-९००० हा नवा ट्रान्सप्युटर रखडला. ज्यांची यंत्रे त्याच वंशाच्या चिपवर उभी होती, त्यांना दुसरी वाट शोधणे भाग होते. १९९४ च्या ‘परम ९०००’ची रचना नवे प्रोसेसर सामावून घेता येतील अशी ठेवण्यात आली.

हाच धडा आजच्या मॉड्यूललाही लागू पडतो. २०१४ मधील पहिले कम्प्यूट मॉड्यूल २०० पिनांच्या खाचेत बसत असे; २०२० च्या चौथ्या पिढीने जोडणीच बदलली आणि जुने बोर्ड तिच्यासाठी निरुपयोगी ठरले. तेव्हा यंत्रावरील स्वामित्व प्रोसेसर कोठून आला एवढ्यावरच ठरत नाही. संवेदकांचे सर्किट स्वतः समजून आखलेले आहे का, प्रोग्रामचा गाभा मॉड्यूलच्या खास तपशिलांपासून वेगळा ठेवला आहे का, यांवरही ते ठरते. हे मॉड्यूल उद्या बाजारातून गेले, तर काय टिकेल आणि काय नव्याने करावे लागेल, याची यादी बोर्डची आखणी सुरू करण्यापूर्वीच कागदावर असावी.