सोनगीरच्या वाटेवरून

धुळे, रविवार

ती. बाबा,

आज इथल्या उपासनेत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे भजन झाले. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चारही आवाज नेटके बसवलेले होते, तरी मंडळी ओठ मिटून ऐकत राहिली. आपल्या चर्चमध्येही हेच होते. चार सुरांची जुळणी साधायची, तर प्रत्येक सुराला सरळ उभे राहावे लागते. मग चालीतली मींड हरवते आणि पाठ असलेले गाणेही परके वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्याआधीच कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. अभंग-ओवीवर वाढलेल्या माणसांसाठीच या दोघांची गीते रचली गेली.

सोनगीर, एकादशीची रात्र

बाबा, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव, डोक्यावर किल्ला आणि बाजारात तांब्या-पितळेची भांडी. संध्याकाळी देवळात भजनाला बसले.

टाळकरी दोन रांगांत समोरासमोर, मधे वीणेकरी, कडेला पखवाजी. हात हलवून इशारे देणारे कुणी नाही. म्हणणारा चरण उचलतो, एक रांग तो झेलते, मग दुसरी. लय वाढवायची ती पखवाज वाढवतो आणि सगळे टाळ त्याच्यामागे जातात. समोरच्याचे टाळ डोळ्यांना दिसतात, म्हणून चूक तिथल्या तिथे सावरते. दारात उभ्या बायाही ध्रुवपदाला आपोआप सामील झाल्या.

दंडाचा इशारा वारकऱ्यांना ठाऊक नाही असे नव्हे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीआधी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. तिकडे पॅरिसला संगीतकार ल्युली दंड जमिनीवर आपटून ताल देई. १६८७ साली तो दंड त्याच्याच पायावर बसला आणि ती जखम चिघळून त्याचा अंत झाला. चोपदाराचा दंड मात्र शांततेपुरता वर जातो. गाणे गाणाऱ्यांकडेच राहते.

हार्मनी टाकून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही. व्हिक्टर परंज्योतींनी १९५६ साली मुंबईत गायकवृंद उभा केला आणि पुढे कुमी वाडियांनी तो कित्येक दशके घडवला. तिथे रचनाच अनेक आवाजांसाठी केलेली असते आणि श्रोते ऐकायला आलेले असतात. चर्चमध्ये मंडळी गायला येते. तिचा आवाज मोकळा करणे हे तिथल्या संचालकाचे पहिले काम, असे आज मनात पक्के झाले.

म्हणून नाताळला टिळकांचे एक भजन एकसुरात बसवू. गायकवृंद दोन रांगांत समोरासमोर, सोबत पेटी, तबला, टाळ, ध्रुवपद मंडळीचे. चौसुरी कॅरोल त्यानंतर. जुन्या चाली तुम्हाला आणि आत्याला जशा येतात तशा गाऊन फोनवर पाठवा. ठेक्यासकट, घाई न करता.

तुमची लेक