मनमाडला गाडी बदलताना

मनमाडला कोणी जात नाही. मनमाडला माणसे गाडी बदलतात. शिर्डीला निघालेले भाविक, नांदेडच्या गुरुद्वाराचे यात्रेकरू, पुण्याकडून भुसावळच्या बाजूला जाणारे चाकरमाने, या सर्वांना मनमाड ठाऊक असते ते फलाटापुरते. चहाचा एक पेला, बाकावर एक डुलकी आणि "आपली गाडी कितव्या फलाटावर हो?" हा प्रश्न. मीही आयुष्यभर मनमाड असेच पाहिले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेथे सासरी नांदते आहे, तरी "पुढच्या खेपेला नक्की उतरतो" असे खिडकीतून सांगण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मात्र अक्काने फोनवर खडसावले, "फलाटापर्यंत येतोस आणि घरी येत नाहीस, हे काय भावाचे लक्षण?" मग निमूटपणे तीन दिवसांची पिशवी भरली आणि निघालो.

गावात शिरले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हे गाव रेल्वेने वसवले आहे. मुंबईहून येणारी जी. आय. पी. रेल्वे १८६० च्या दशकात इकडे आली. १८७८ साली दौंडची लाइन येऊन मिळाली आणि मनमाड जंक्शन झाले. पुढे निजामाच्या मुलखातून मीटर गेजची अरुंद गाडी आली. रुंद रूळ आणि अरुंद रूळ येथे एकमेकांना भेटत, पण डबे काही एकमेकांच्या रुळांवर चढत नसत. मालाची पोती या डब्यातून काढून त्या डब्यात टाकावी लागत. १९९० च्या दशकात औरंगाबादच्या बाजूचा अरुंद रूळ काढून रुंद घातला, तेव्हा कोठे ती दगदग संपली. कामगारांचे गाव म्हणूनही मनमाडचे नाव आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत भाषण केले ते येथेच. गावाबाहेर अंकाई-टंकाईची जोडगोळी उभी आहे, आणि आभाळाकडे अंगठा दाखवणारा हडबीच्या शेंडीचा सुळका आहे. अन्न महामंडळाची धान्याची प्रचंड गोदामे आहेत. आणि रेल्वेचा तो कारखाना आहे, जेथे पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात.

पुलांवरून आठवले. जे गाव दुसऱ्यांसाठी पूल बांधते, त्याच गावातला रुळांवरचा इंग्रजी अमदानीतला पूल २०२३ च्या नोव्हेंबरात एका बाजूने ढासळला. पुणे-इंदूर रस्त्याची वाहतूक लांबून वळवावी लागली. दैवयोगाने जीवितहानी झाली नाही. त्या दिवसापर्यंत त्या पुलाचा विचार रोज वरून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल? पूल उभा असतो तोवर तो कोणाला दिसत नाही.

अक्काच्या घरी माझे स्वागत पाण्याच्या पिंपांनी केले. मनमाडने पाण्याचे फार हाल काढले. वर्षानुवर्षे नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचे. अक्काची पिंपे भरून ठेवण्याची सवय अजून सुटलेली नाही. दाजी, म्हणजे माझे मेव्हणे, रेल्वेत कीमन होते. आता निवृत्त आहेत. कीमनचे काम वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून हा माणूस रोज आपल्या वाट्याची चार-पाच किलोमीटरची बीट पायी चालतो. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. सैल झालेली चावी ठोकायची, ढिली झालेली पट्टी आवळायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन धावायचे. दाजींनी तीस वर्षांवर हे केले. या लोकांना हल्ली सरकारी कागदावर 'ट्रॅक मेंटेनर' म्हणतात.

गंमत अशी, की त्यांचा मुलगाही मेंटेनरच निघाला. फक्त त्याचे रूळ निराळे.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, तर भाच्याच्या खोलीत दिवा. डोकावून पाहिले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे भराभर सरकत होती.

"अरे, कंपनीचे काम का?"

"नाही मामा, हे आपलेच. फुकटचे."

"फुकटचे म्हणजे?"

त्याने मला शेजारी बसवून घेतले. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाच्या संगणक-प्रणालीचा पाया घातला. पुढे तिच्याच धर्तीवर, पण कोणालाही उघडून पाहता येईल, सुधारता येईल आणि वाटता येईल अशा प्रणाली निघाल्या. त्यांतली एक 'डेबियन'. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. तीत ६०,००० हून अधिक पुडकी आहेत आणि प्रत्येक पुडक्याला कोणीतरी वाली असतो. तोच मेंटेनर. २०१३ साली अंतराळस्थानकातील लॅपटॉपही डेबियनवर नेण्याचे ठरले, हे सांगताना त्याचा आवाज जरासा चढला.

भाच्याकडचे पुडके अगदी लहान. संगणकाची राखण करणाऱ्यांसाठी जी हत्यारे असतात त्यांतले एक. ठरल्या वेळी बारीकसारीक कामे उरकणारा 'क्रॉन', नोंदींच्या वह्या भरल्या की जुन्या बाजूला काढणारा 'लॉगरोटेट', घरमालकाचे अधिकार घटकाभर उसने देणारा 'सूडू', अशी ती सारी मंडळी. त्यांचे काम नीट चालले तर कोणाला पत्ता लागत नाही. 'सूडू'चेच पाहा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात ते जन्मले, आणि टॉड मिलर नावाच्या एकाच गृहस्थाने ते तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. २०११ साली त्यात एक चूक शिरली, ती २०२१ च्या जानेवारीत सापडली. जवळजवळ दहा वर्षे तडा गेलेल्या रुळावरून जगाच्या गाड्या धावत होत्या!

"आणि मामा, आमच्याकडेही गेज बदलावा लागतो," तो म्हणाला. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. जुन्या, अरुंद मापात हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी मावेनासा होईल आणि घड्याळ एकदम १९०१ सालात जाईल. म्हणून २०२५ च्या ऑगस्टात निघालेल्या तेराव्या आवृत्तीसाठी डेबियनने बहुतेक जुन्या यंत्रांचे काळाचे माप रुंद केले. हजारावर पुडकी पुन्हा बांधावी लागली. त्यांत याचेही एक होते. मनमाडच्या पोराला हे समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

दुसऱ्या दिवशी जेवताना खरी गोष्ट बाहेर आली. भाच्याला मूल झाले होते, नोकरीतले काम वाढले होते, आणि रात्रीचे जागरण आता झेपत नव्हते. ते पुडके कोणाला तरी सोपवावे असे त्याच्या मनात होते. परभणीकडच्या एका तरुणाने पत्र लिहून ते मागितलेही होते. मुलगा हुशार वाटत होता. त्याने पाठवलेल्या दुरुस्त्या चोख होत्या.

"मग दे की!" मी म्हणालो.

भाचा गप्प राहिला. मग त्याने एक्सझेडची हकीकत सांगितली. फाइली दाबून लहान करणारे ते एक साधे हत्यार. फिनलंडमधील लासे कॉलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात ते सांभाळी. तो थकला होता, आणि लोक त्याच्यामागे घाईचा लकडा लावीत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' असे नाव सांगणारा कोणी मदतीला आला. दोन-अडीच वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या. आणि २०२४ च्या आरंभी त्या हत्यारात चोरदरवाजा बसवला, तोही चाचणीच्या फाइलींत अशा खुबीने लपवून, की कोणी सहज वाचून पाहिले तरी दिसू नये. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर लागतो आहे असे जाणवले, म्हणून त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ते विष पोहोचले होते. लोकांच्या रोजच्या वापरातली पक्की आवृत्ती वाचली. जिया टॅन कोण, हे अजून कोणाला उमगलेले नाही. त्याला समोरासमोर पाहिलेला माणूसच कोणी पुढे आला नाही.

इतका वेळ भाकरी मोडत बसलेले दाजी एकदम बोलले.

"आम्ही रजेवर जाताना बीट कोणाला द्यायचो ठाऊक आहे? वाटेवरच्याला नाही. आधी त्याला बरोबर घेऊन चालायचो. कोणत्या पुलाजवळ चावी सैल होते, कोणत्या कटिंगमध्ये दगड येतो, हे हाताने दाखवायचो. आणि त्याने ठोकलेली चावी पुन्हा एकदा स्वतः ठोकून बघायचो. वर पी. डब्ल्यू. आय. साहेब ट्रॉलीवरून येऊन बघायचा तो निराळाच."

"पण दादा, तो टॅनही दोन वर्षे बरोबर चाललाच होता."

"चालला असेल. त्याने ठोकलेली चावी कोणी ठोकून पाहिली होती का?"

भाच्याने ताटातला हात थांबवला. आपले वडील आपल्या कामावर काही बोलतील, अशी त्याची कल्पनाच नसावी. मुलगा रात्रभर बिनपगारी काय करतो, याचा दाजींना इतकी वर्षे उलगडा झाला नव्हता. त्या दिवशी झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे स्टेशनवर गेलो. परभणीचा मुलगा मुलाखतीसाठी नाशिकला निघाला होता आणि भाच्याने मुद्दाम त्याला मनमाडला गाडी बदलायला लावली होती. डेबियनमध्ये अशी रीत आहे, की माणसाने माणसाला प्रत्यक्ष भेटावे, ओळखपत्र पाहावे, आणि त्याच्या गुप्त सहीच्या किल्लीची चाळीस अक्षरांची खूण ताडून मगच तिच्यावर आपली साक्ष घालावी. भाच्याच्या स्वतःच्या किल्लीवर अशा साक्षी २०२३ साली कोचीला भरलेल्या डेबियनच्या जागतिक परिषदेत पडल्या होत्या.

पोरगा लाजाळू, पाठीवर पिशवी, हातात आईने दिलेला धपाट्यांचा डबा. बाकावर बसून दोघांनी कागद काढले. पोरगा अक्षरे वाची, भाचा खूण करी. मध्येच गाडीची घोषणा व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागायचे. दाजी पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, कीमनच्या नजरेने, दोनदा ताडून पाहत होते.

नंतर भाच्याने स्पष्ट सांगितले, "पुडके आजच तुझ्या नावे करत नाही. वर्षभर तू काम कर. मी तपासून माझ्या सहीने पुढे पाठवीन. मग वर्षाने पाहू. आणि तेव्हाही आपण दोघे राहू. एकट्याने राहायचे नाही."

पोराचा चेहरा उतरेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "दादा, मलाही एकट्याची भीतीच वाटत होती." आणि डबा उघडून त्याने पहिला धपाटा दाजींच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी मीही गाडी धरली. गाव मागे पडले, हडबीची शेंडी दिसेनाशी झाली. रुळांच्या कडेला नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस खांद्यावर हातोडा घेऊन गाडी जाण्याची वाट पाहत उभा होता. असे शेकडो जण मी आजवर खिडकीतून पाहिले असतील. त्या दिवशी प्रथमच मी हात वर केला. त्याने तो पाहिला की नाही, कोण जाणे. गाडी गेल्याबरोबर तो खाली वाकून रूळ पाहू लागला होता.