गणपतीतलं घर, मे महिन्यातलं घर

पुण्याहून निघून कराड, पाटण मागे टाकलं आणि कुंभार्ली घाट उतरू लागलं की हवा अंगाला चिकटायला लागते. ज्यांचं सासर कोकणात आहे, त्यांना ही हवा नव्याने सांगायला नको. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मधे अंधारं माजघर. गणपतीत त्या घरासारखं घर नाही! पण तीन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या रात्री, याच घरात माझ्या सात वर्षांच्या मुलीचा श्वास असा कोंडला की तिला मांडीवर बसवून मी पहाट केली.

सकाळी हे म्हणाले, "पुढच्या वर्षी हिला आणायचं नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मोदकांची उकड काढताना डोळे मात्र पदराने पुसत होत्या.

मला कोडं पडलं ते निराळंच. त्याच वर्षी मे महिन्यात ही मुलगी महिनाभर याच घरात राहिली होती आणि साधी शिंकलीही नव्हती!

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "झोपली कशावर होती?" आणि मला माळ्यावरच्या गाद्या आठवल्या. मे महिन्यात आम्ही खळ्यात चटया टाकून झोपतो. गणपतीत पाहुणे फार, म्हणून पावसाळाभर गुंडाळून ठेवलेल्या कापसाच्या गाद्या उतरवल्या होत्या.

या गाद्यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात. डॉक्टर त्यांना माइट म्हणतात. आपल्या अंगावरून गळणारा कोंडा हे त्यांचं अन्न. पाणी ते पीत नाहीत, दमट हवेतूनच शोषून घेतात. म्हणून पावसाळ्यात त्यांची चैन! दम्याच्या माणसाला बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास हे उजेडात आणलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटात राहतो, आम्हाला काय त्याचं? अहो, कौलांच्या फटींतून निदान वारा तरी खेळतो. आमच्या पुण्याच्या फ्लॅटात बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट ऑगस्टमध्ये सरकवलं, तर मागे काळी बुरशी! त्यात कपडे वाळत हॉलमध्येच. आता कपाट चार बोटं पुढे ओढलंय. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका बरं, हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा. थंडीत हवा कोरडी झाली की किडे मरतात, पण विष्ठा धुळीत राहतेच, आणि आपण ट्रंकेतल्या रजया काढून खिडक्या लावून घेतो. (गाजर गवताचं मी इथे काढत नाही, ते खिडकीबाहेरचं दुखणं.)

खरी कसोटी होती सासूबाईंना सांगण्याची. फोनवर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरात घाण आहे, असं म्हण की!"

"नाही हो आई, प्रश्न ओलीचा आहे."

थोडा वेळ गप्प राहून त्याच म्हणाल्या, पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर जायचा, तिथलं सगळं सुकं राहायचं. गॅस आला आणि माळा ओला झाला. त्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती किती जळली, ते मला माहीत आहे. तो धूर परत नको. पण म्हातारीचं निरीक्षण बघा!

पुढच्या वर्षी मुलीचं अंथरूण आम्ही पुण्याहून नेलं. चादरी आणि अभ्रे हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात धुतलेले. तिची खाट माजघराऐवजी पडवीत टाकली. झाडलोट ती बाहेर खेळायला गेली की करायची. डॉक्टरांनी दिलेला पंप माझ्या पिशवीत होता, तो एकदाच लागला. हे निमूट मखर सजवत राहिले.

यंदा श्रावणात सासूबाईंचाच फोन आला. "दोन दिवस कडक ऊन आहे. गाद्या खळ्यात काढून झोडपल्यात. कधी निघताय?"