मांजर दुखणं सांगत नाही

शेळी ओरडते, कुत्रा कण्हतो, लहान मूल रडून घर डोक्यावर घेतं. मांजर मात्र दुखायला लागलं की कपाटाखाली जाऊन गप्प बसतं. घरच्यांना वाटतं, झोपलं असेल. किडनी अचानक बंद पडते तेव्हा ही सवय त्याच्या जिवावर बेतते. कारण या आजारात हातात दिवस नसतात, तास असतात.

आपल्या घरांत मांजराचा वावर मोकळा असतो. ते नापाक नाही, म्हणून मुसल्ल्याच्या कडेला येऊन बसलं तरी कुणी हाकलत नाही. आमच्याकडे शेरू नावाचा बोका पाच वर्षांपासून असाच राहतो. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी अम्मी फजरला उठल्या, तेव्हा शेरू वाळूच्या ट्रेमध्ये बसला होता. वजू करून आल्या, तरी तिथेच. नमाज झाली, पुन्हा तिथेच. जोर करायचा, बारीक आवाज काढायचा, आणि उठून गेला की वाळू कोरडीच. शेजारच्या खाला म्हणाल्या, "पोट बांधलं असेल, थोडं एरंडेल पाजा." अम्मींनी मान हलवली. "पोट नाही, लघवी अडलीय त्याची." त्याला टोपलीत घालून आम्ही सकाळीच जनावरांच्या डॉक्टरांकडे निघालो.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय फुगून कडक झालं होतं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी बंद होते. तुंबलेल्या लघवीचा दाब किडनीवर येतो आणि ती रक्त गाळायचं थांबवते. रक्तात युरिया, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढत जातं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयच थांबतं. एक-दोन दिवस असे गेले तर बोका वाचणं कठीण. शेरूला भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन लावलं, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं.

बिल ऐकून एक नातेवाईक म्हणाले, "मांजरच आहे ना! एवढा खर्च कशाला?" अम्मी शांतपणे म्हणाल्या, "दार उघडून आत घेतलं तेव्हाच तो आपल्या जिम्मेदारीत आला. मुक्या जिवाचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे." पुढे कुणी काही बोललं नाही. आमच्या धाकटीने गल्ल्यातले पैसे आणून टेबलावर ठेवले. शेरू वाचला.

किडनीचा एक आजार म्हाताऱ्या मांजरांना हळूहळू होतो. महिनोन्महिने ते जास्त पाणी पितं, जास्त लघवी करतं, वाळत जातं. अचानक होणारा आजार वेगळा. कालपर्यंत खेळणारं मांजर आज खात नाही. उलट्या करतं, लाळ गाळतं, कोपऱ्यात पडून राहतं. लघवी एकदम कमी होते किंवा बंदच होते. काही वेळा सुरुवातीला ती खूप वाढतेही. तोंडाला उग्र वास येतो, कधी आत फोड दिसतात. कमरेला हात लावू देत नाही. चालताना झोकांडतं, अंग थंड पडतं. ही शेवटची लक्षणं दिसली म्हणजे बराच वेळ गेला आहे, असं समजावं.

लघवी अडण्याशिवाय इतरही कारणं आहेत, आणि त्यातली काही आपल्या दिवाणखान्यातच असतात. लग्नात, सत्कारात मिळणाऱ्या पुष्पगुच्छात मोठी सुवासिक लिली असते. ती मांजराला विष आहे. पान चावलं, अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी दोन-तीन दिवसांत किडनी निकामी होऊ शकते. उलटी होऊन मधेच मांजर बरं वाटू लागतं, तेव्हा फसू नये. पहिल्या अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. लघवी बंद झाल्यावर ती फार थोडी उरते.

आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही मांजराला चालत नाहीत. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक किडनीवर घाव घालतात. पॅरासिटामॉल रक्त आणि यकृत बिघडवतं. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट चवीला गोड असतं आणि तेवढंच घातक. जमिनीवर सांडलं तर लगेच पुसून टाकावं.

शंका आली तर घरगुती औषध देत बसू नये. शेवटची लघवी कधी झाली, शेवटचं कधी खाल्लं, हे आठवून लिहून ठेवावं. काही चावलं असेल तर ते पान किंवा गोळीचं पाकीट सोबत न्यावं. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. त्यासाठी जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवावा.

आम्ही वर्गातल्या मुलांना एक सोपं काम सांगतो. मांजराला दूध घालणारे घरात पुष्कळ असतात. तुम्ही रोज त्याचा ट्रे बघणारे व्हा. वाळू ओली आहे की कोरडी, एवढं ज्याच्या लक्षात राहतं, त्यालाच त्याचं दुखणं आधी कळतं.