वाऱ्याला वाट

जुलैच्या झडीत कोल्हापूरला माहेरी गेले होते. दारामागं पंख्याखाली बुटांचे दोन जोड वाळत ठेवले होते, एक भाचीचा धावायचा आणि एक दादाचा, फाउंड्रीतला. खोलीभर आंबूस वास कोंडला होता. भाचीचा बूट उचलून खिडकीकडं धरला, तर चवड्यावरच्या जाळीतून आभाळ दिसलं. वास त्याचा नव्हताच. तो दादाच्या काळ्या, जाड सेफ्टी शूजचा होता. या माणसाच्या पायांना आयुष्यभर वारा मिळाला नाही, हे त्या क्षणी फार लागलं.

घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. बंद बुटातल्या ओलाव्यात कातडीवरचे जिवाणू वाढतात, घामातल्या ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लाचं आयसोव्हॅलेरिक आम्ल करतात, आणि तो कुबट वास सुटतो. म्हणजे वास माणसाचा नाही, बुटाचा आहे. हे मला शाळेत असताना कुणी सांगायला हवं होतं. तेव्हा आम्हाला रेक्झिनचे काळे बूट सक्तीचे होते. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला, आतली वाफ बाहेर पडायला जागा नाही. एप्रिलच्या उन्हात मैदानावर तासभर उभं राहून वर्गात आलं, की ‘पाय धूत नाही काय’ म्हणून मुलांनाच बोलणी बसायची. त्या रेक्झिनवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दादा सैन्यभरतीची तयारी करायचा तेही असल्याच बुटांवर. भरतीत १.६ किलोमीटर पळावं लागतं. तो पहाटे रंकाळ्याच्या काठानं त्याहून कितीतरी जास्त पळायचा. घरी आला की मोजे सोलून काढावे लागत. चवड्याला फोड, बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली कातडी. आई काही न बोलता खोबरेल लावायची.

एकदा तो मला घेऊन महाद्वार रोडला गेला. एका बोळाच्या तोंडाशी चपला-बूट शिवणारे एक मामा बसायचे. त्यांनी बूट हातात घेतला आणि आत हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला, ओल कुठं आहे ते बोटांनी चाचपत. मग म्हणाले, “पाय शिजतोय ह्येचा.” दादाला वाटत होतं, वरून चार भोकं पाडावीत. मामांनी आरी लावली ती आतल्या बाजूला, तळव्याच्या कमानीपाशी, आणि मग बाहेरच्या अंगाला करंगळीजवळ. भोकं फाटू नयेत म्हणून पितळी रिंगा ठोकल्या. “वारं नुसतं आत घिऊन भागत न्हाई बाळा, भाईर जायाला बी वाट लागती.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून हलत नाही. कॅनव्हासच्या बुटांना आतल्या अंगाला दोन छोट्या रिंगा असतात, त्याही याचसाठी. पाऊल टेकलं की बूट दाबला जातो आणि आतली गरम हवा बाहेर ढकलली जाते; पाऊल उचललं की पोकळी मोकळी होते आणि गार हवा आत ओढली जाते. पळणाऱ्याचा पायच भात्याचं काम करतो, फक्त भात्याला तोंड हवं.

इथं मध्येच जपानची गोष्ट सांगायला हवी. कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुकांनी १९४९ साली बुटांचा कारखाना काढला. मॅरेथॉन धावणाऱ्यांना फोड येणारच, असं तेव्हा सगळे धरून चालत. फोडांमागं उष्णता आहे हे ओनित्सुकांनी एका वैद्यकीय प्राध्यापकाकडून समजून घेतलं, हवेनं थंड होणारं मोटारसायकलचं इंजिन पाहिलं, आणि १९६०च्या सुमारास बुटाला झरोके ठेवून ‘मॅजिक रनर’ बनवला. रोमला १९६० साली अनवाणी धावून ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला पुढच्याच वर्षी ओसाकाची मॅरेथॉन ओनित्सुकांच्या आग्रहावरून त्यांचे बूट घालून धावला आणि जिंकला. बोळाच्या तोंडाशी बसून मामांनी शोधलं होतं ते हेच.

आता जाळी यंत्रावर विणतात. कुठं विरळ, कुठं घट्ट, हे ठरवून. चवड्यावर ती सर्वांत विरळ असते, कारण टेकलेलं पाऊल जागीच थांबतं आणि मागचा पाय अंगापेक्षा कितीतरी वेगानं पुढं येतो. समोरचा वारा तिथंच आदळतो. भाची हे सगळं पायात घालून पळते, तिला फोड माहीत नाहीत. मला याचा मनापासून आनंद आहे.

मोकळ्या पायाचं मोल आपल्या गावाला नवीन नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी घाम शोषते आणि पाय उघडा ठेवते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिला टाच धरणारं काही नाही, ती पळायची नव्हे. भट्टीपाशी उभं राहायची तर अजिबात नव्हे.

दादाची भरती छातीच्या मापात हुकली. तो शिरोलीच्या फाउंड्रीत लागला, अजून तिथंच आहे. ओतायचं लोखंड सुमारे १४०० अंश सेल्सिअसचं असतं. थेंब उडाला तर बुटात शिरायला फट असता कामा नये. म्हणजे जे भोक पळणाऱ्याला सुख देतं, तेच दादाचा पाय जाळेल. मामांची आरी इथं चालत नाही.

बुटाला वाट ठेवता येत नसेल, तर ती कामाच्या तासांत ठेवावी लागेल. प्रत्येकाला बुटांचे दोन जोड, म्हणजे एक घालावा आणि दुसरा पुरता वाळावा. पाळीच्या मध्ये बदलायला सुके सुती मोजे. आणि भट्टीपासून लांब एक बाकडं, जिथं बूट काढून दहा मिनिटं पाय उघडे ठेवून बसलं तर कुणी कामचुकार म्हणणार नाही. बुटातल्या हवेवर जगात इतकी बुद्धी खर्च होते. तिच्यावर पहिला हक्क मला या पायांचा वाटतो.